हळदीचे कृष्णधवल फोटो

हळदीचे फोटो मी कृष्णधवल काढले.

लालबागच्या चाळीत मित्राच्या थोरल्या बहिणीची हळद होती. वडील बोटीवर नोकरीला, त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. लेकीची हळद ते फोटोंतच बघणार होते आणि फोटोंचं काम मी अंगावर घेतलं होतं. "रंग नजर भुलवतात, माणूस खरा दिसतो तो कृष्णधवलमध्येच," असं ऐटीत सांगत मी जुन्या कॅमेऱ्यात तसाच रोल भरला.

नवरीची मावशी मला तिथेच पहिल्यांदा भेटली. तिचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अख्खा मजला तिला मावशीच म्हणत होता. पदर खोचून तिने सगळ्यांचे मोबाईल पिठाच्या डब्यात बंद केले. "हात मोकळे ठेवा! फोटो काढायला हा आहे ना!" मग दिसेल त्याला हळद फासत, स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसत ती गॅलरीभर फिरली.

आठवड्याने मी फोटो घेऊन गेलो. मावशीने एक लांब धरून बघितला, मग खिडकीशी नेला.

"पोरीच्या तोंडाला राख कोणी फासली रे?"

मी छायाप्रकाशावर बोलू लागलो. तिने पेन घेतलं आणि ती एकेका फोटोमागे लिहीत गेली, ‘भावजी, ही हळद आहे.’

एका फोटोत मात्र नवरी आणि ती, दोघी डोळे मिटून हसत होत्या. तिथे पेन थांबलं. मागे काहीच न लिहिता तिने तो पाकिटात सर्वांत वर ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

"धाकटीच्या हळदीलाही ये हां, मेल्या," ती म्हणाली. "फक्त जेवायला."