सोनाबाईचा धूप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांवरचे संशय रोज ऐकवत असते. माझा स्वभावच तसा. आत्ता हे वाचताना तुमच्या मनात काय चाललंय, याचाही मला संशय येतोय.

गुहांमधल्या जीवांवर माणसाच्या वावराचा काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. राहते शहरात, इंदिरानगरला, आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका गुहेत वर्षानुवर्षं जाते. तिथं वटवाघळं होती. त्यांच्या लेंड्यांवर जगणारे किडे, त्या किड्यांवर जगणारे कोळी — अंधारातला अख्खा संसार वटवाघळांच्या जिवावर चाललेला. तोंडापासून थोडं आत एक शेंदूर लावलेला दगड. पाड्यावरची सोनाबाई दर अमावास्येला तिथं धूप जाळायची. तिच्या सासूनंही तेच केलेलं.

एका उन्हाळ्यानंतर गुहा रिकामी झाली.

मी लगेच संशय घ्यायला लागले. मध काढणाऱ्यांनी धूर केला असेल? शिकारीला कुणी आलं असेल? की रील बनवायला येणारी शहरातली पोरं? मला दरवेळी गुहेपर्यंत सोडणाऱ्या जीपवाल्याला खोदून खोदून विचारलं. आणि मग — धूप. गावाच्या बैठकीत वनखात्याचे साहेब बसले होते. त्यांच्यासमोर मी एवढंच म्हणाले, की माणसाच्या वावरामुळे वटवाघळं गेली. खोटं होतं का ते? एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त कुठल्या माणसाच्या, ते मी सांगितलं नाही. सगळे सोनाबाईकडे बघायला लागले.

ती उठून माझ्याजवळ आली. "खरं सांगा ताई, माझ्या धुपानं गेली का वाघळं?"

मी मान डोलावली.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतेय. त्या उन्हाळ्यात, माद्यांच्या पोटाशी पिल्लं होती तेव्हा, मी एकटी आत गेले होते. अशा दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. पण मला फोटो हवा होता — पिल्लासकट मादीचा, अगदी जवळून. आमच्या अभ्यासकांतलंच कुणीतरी माझ्याआधी तो काढेल, असा — हो, संशयच. वटवाघळं बिचकू नयेत म्हणून वापरतात त्या लाल, मिणमिणत्या बॅटरीच्या उजेडात फोटो येईना. मी पांढरा झोत लावला. सगळं छत एकदम हललं. पिल्लं खाली पडायला लागली. आणि मी बाहेर पळाले नाही हो — फोटो काढत राहिले. चांगला आला. अजून आहे माझ्याकडे.

वनखात्यानं गुहेला लोखंडी गजांचा दरवाजा बसवला. वटवाघळं परतली नाहीत, आणि हळूहळू कोळीही दिसेनासे झाले. सोनाबाईचा देव दरवाजाच्या आत राहिला. ती बाहेरच नारळ ठेवते, धूप जाळत नाही. तिला कळलं असेल का? त्या दिवशी जीपवाल्यानं मला कॅमेरा घेऊन गुहेतून बाहेर येताना पाहिलं होतं — तो काही बोलला असेल का? मी कितीदा तरी चोरून तिच्या चेहऱ्याकडे बघितलंय. तिथं संशयाचा मागमूसही नाही. मला त्याचीच लाज वाटते.

परवा नव्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. सोनाबाई वाटेतच भेटली. कुणी विचारायच्या आधीच ती सांगायला लागली — येणाऱ्या प्रत्येकाला सांगते म्हणे, पाड्यावरच्या लेकरांनाही. "आत धूर करू नका रं पोरांनो. माझ्या हातनं लय मोठी चूक झाली. माझ्याच धुपानं गेली वाघळं." कानाची पाळी धरून सांगत होती.

मुलांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.

मी पुन्हा मान डोलावली.