हिरवा पट्टा

रस्त्यांवर पट्टे आखण्यात ज्याचा जन्म गेला, त्या रंगाऱ्याचा एकच हट्ट: काम करायचं तर चोख, नाहीतर हातच लावायचा नाही. बायको म्हणायची, "घरच्या भिंतीचे पोपडे निघालेत, आणि हे निघाले गावचे रस्ते सजवायला!"

बाजाररस्त्याच्या कडेला सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला, तोही यानेच. त्याची थोरली लेक त्याच रस्त्याने दवाखान्यात कामाला जायची. मागे एका ट्रकने तिला गटारात लोटलं होतं, तेव्हापासून ती परत येईपर्यंत याच्या जिवाला घोर. पट्टा झाला आणि तो जरा सुखाने जेवायला लागला.

पण दुकानदारांच्या पोटात दुखलं ना! म्हणे, पट्ट्यामुळे गाड्या तुंबतात. अहो, गाड्या आधीही तुंबतच होत्या. दुकानांपुढे दोन-दोन रांगांत गाड्या लावणारे कोण, हे काय कुणाला माहीत नव्हतं? शेवटी नगरपालिकेने सभा बोलावली, तीसुद्धा भर दुपारी. सायकलवाले सगळे कामावर. थोरली रजा टाकून गेली, तर रखवालदाराने फाटकातच अडवलं.

"सायकल आत नाही आणायची ताई. आत फक्त मोटारींना जागा आहे."

ती सायकल कुठेतरी लांब लावून येईपर्यंत आत हात वर होऊन मोजूनही झाले होते. पट्टा रद्द.

आणि तो पुसायला कुणाला धाडावं? यालाच! मुकादमाला तो तोंडाला येईल ते बोलला. मुकादम थंडपणे म्हणाला, "वरून आलंय बाबा. वरवर काळा फास नि मोकळा हो."

वरवर? त्या शब्दाने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत त्याने यंत्र लावून हिरवा रंग पार खरवडला, रस्ता झाडला, वर काळ्याचे दोन हात दिले. कामाला लागला की त्याला कशाचं भान राहत नसे.

संध्याकाळी थोरली आली ती सायकल हातात धरून, चालत. शेजारी गाड्या तशाच तुंबलेल्या, हॉर्न तसेच बोंबलत होते.

"बाबा, थोडा तरी हिरवा राहू द्यायचात. सवयीने का होईना, गाडीवाले जरा लांब राहिले असते."

त्याने वळून पाहिलं. हिरवा औषधालाही उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच हातांची चीड आली.

"चल," तो म्हणाला. "तू कडेने चाल. गाड्यांच्या बाजूने मी चालतो."