वरंधची पडवी आणि फायरवॉल

आज वरंधला, घाटाखालच्या आमच्या घरी, अब्बांच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवली. अनोळखी प्रोग्रॅम इंटरनेटला जोडायला लागला की ती आधी विचारते, परवानगी द्यायची की अडवायचं. अब्बा न वाचताच प्रत्येकाला परवानगी देत होते.

मी वैतागले. "अब्बा, कोण आहे ते तरी बघा."

"दारात आलेल्याला आपण कधी नाय म्हटलंय का गो?"

लहानपणी घाटात दरड कोसळली की एसटीतले प्रवासी आमच्या पडवीत मुक्काम करायचे. अम्मी आधी जेवायला वाढायची, नावगाव नंतर विचारायची.

तरी अब्बांना परस्पर परवानगी देता येऊ नये म्हणून फायरवॉलला मी पासवर्ड घातलाच. निघाले तेव्हा अब्बांनी पडवीच्या ग्रिलला आतून कुलूप लावलं. ते ग्रिलही मीच बसवून घेतलंय.

तुमच्या घरी अनोळखी माणूस शेवटचा कधी मुक्कामाला होता?