एक राहिलेली संमती

ते गेल्याचं मला कळलं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा की आता मेल कुणाला पाठवायचा. हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे, कारण तसंच झालं होतं.

आमचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. मराठीत, तमिळमध्ये आणि आणखी काही भाषांत. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. ठिकठिकाणच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेलं, सगळा कोड उघडा. मी दिवसा सिरुसेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचे आणि शनिवार-रविवार हे काम. पाच जणांची एक कमिटी होती, दरवर्षी निवडून येणारी. त्यात मी होते.

जे गेले त्या गृहस्थांशी माझी ओळख मेलवरची. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अण्णा नगरला राहणारे, तंजावरकडचे मराठी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे, वेळा आणि तारखा कशा वाचायच्या याचे सगळे नियम त्यांनी लिहिले होते. मी पाठवलेला पहिला कोड त्यांनी चार वेळा परत केला होता. चौथ्या वेळी लिहिलं होतं, 'दुपारी अडीच वाजता येतो म्हणण्याऐवजी दोन तीस वाजता येतो म्हणणारा माणूस मला दाखवा, मग मी हे घेतो.' मी कोड बदलला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांना लिहीत होतो. एकाच शहरात राहत होतो आणि कधी भेटलो नाही. भेटू म्हणायचं राहून गेलं असंही नाही. दोघांपैकी कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

प्रकल्पाची नियमावलीही त्यांचीच. त्यात त्यांनी एक कलम घातलं होतं: लायसन्स बदलायचं असेल तर ज्याने एक ओळ जरी लिहिली असेल त्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर ते 'नाही' धरावं. तेव्हा मेलिंग लिस्टवर या कलमाची बरीच चेष्टा झाली. एकाने विचारलं होतं, "माणूस कंटाळून निघून गेला तर?" त्यांनी उत्तर दिलं, "तर त्याला शोधा."

मग तसं करायची वेळ आली. आमच्या जुन्या लायसन्सची अट एकच होती. कुणीही घ्या, वापरा, सुधारा. पण सुधारलेलं लोकांना दिलंत तर तेही असंच उघडं द्या. माझ्याच कंपनीला आमचं सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात हवं होतं आणि ही अट नको होती. अट काढलीत तर दोन इंजिनिअर पूर्णवेळ तुमच्या कामाला देऊ, असं त्यांनी कळवलं. आमच्याकडे तेव्हा तक्रारींना उत्तरं द्यायला मी धरून तिघंच उरलो होतो.

मॅनेजर म्हणाला, "तू कमिटीवर आहेस ना? मग सोपं आहे."

मी कमिटीला लिहिलं की मी त्याच कंपनीत काम करते, तेव्हा मी मत देऊ नये. एकाने उत्तर दिलं, 'आपण सगळेच कुठे ना कुठे काम करतो.' बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. मतदान झालं, अट काढायच्या बाजूने तीन, विरुद्ध दोन. तिसरं मत माझं होतं. दिलं तेव्हा काही वाटलं नाही. बटण दाबलं आणि दुसऱ्या मीटिंगला गेले.

संमती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांच्या आल्या, एक त्या गृहस्थांची सोडून. त्यांना तीन मेल केले, तिन्हींना उत्तर नाही. सदस्यांच्या यादीत घरचा फोन होता, तो लावला. एका वयस्क बाईंनी उचलला.

"तो नाही, मा. आडी महिन्यात गेला," त्या म्हणाल्या. 'मा' ही तमिळमधली मायेची हाक, आणि आडी म्हणजे तिकडचा आषाढ. आठ महिने होऊन गेले होते. लिस्टवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, वारस म्हणजे फोनवरची ही त्यांची बहीण. आता संमती तिची लागणार होती. पुढच्या शनिवारी बस आणि मग मेट्रो करून मी अण्णा नगरला गेले. दार उघडलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या बाजूला चेहरा केला. त्यांना दिसत नव्हतं. सहा वर्षांत त्यांच्या भावाने हे एकदाही लिहिलं नव्हतं.

"ये, बस. तू कुठली?"

"साताऱ्याची, मावशी."

"तिकडची मराठी तुझी. आमची वेगळी. अमी बोललेलं तुला कळल का?"

कळत होतं. शब्द ओळखीचे होते, चाल तमिळची. बैठकीच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप होता. मावशींनी स्वतःच तो सुरू केला आणि म्हणाल्या, "ते कागद यात घाल. मशीन वाचेल."

"मी वाचून दाखवते ना."

"नक्को. तुला घाई असल. मशीनला घाई नाही."

मी फॉर्म त्यात उघडला. आमच्या सॉफ्टवेअरच्या त्या सपाट आवाजात मी स्वतः तयार केलेलं वाक्य ऐकू आलं: 'मी, खाली सही करणारी व्यक्ती, माझ्या मालकीचा सर्व कोड नव्या लायसन्सखाली देण्यास संमती देते.' तारीख आली, ती त्यांच्या भावाने लिहिलेल्या नियमाप्रमाणे वाचली गेली. मावशींनी हात गुडघ्यावर ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "परत." मी परत लावलं.

"याचा अर्थ काय, ते तू तुझ्या तोंडानं सांग."

मी सांगितलं. आत्तापर्यंत जो कुणी हे घेऊन सुधारेल त्याला सुधारणा सगळ्यांना द्यावी लागत होती, पुढे लागणार नाही. त्याला वाटलं तर देईल.

"आणि माझ्या भावाला हे पटलं असतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नसतं," मी म्हटलं. "बहुतेक नसतं."

खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी वाजत होती.

"दोघं बसत होतो इथंच," त्या म्हणाल्या. "तो विचारायचा, सव्वा अकराला काय म्हणतीस? दीडशेला काय म्हणतीस? मी म्हणायची, तो लिहायचा. अस्कं असं लिहिलं." अस्कं म्हणजे सगळं. "आता तो 'हो' म्हणाला असता का 'नाही', मी कशी सांगू? त्याच्या जागी मी सही केली तर ते त्याचं बोलणं होईल का? मी सही करत नाही, मा. वाईट वाटून घेऊ नको."

"नाही, वाईट वाटलं नाही," मी म्हटलं, आणि तेही खरं होतं. मेट्रोत बसून मी कमिटीला दोन ओळींचा मेल लिहिला: संमती मिळाली नाही.

त्यावर लिस्टवर तीन दिवस चर्चा झाली. शेवटी ठरलं की त्या गृहस्थांनी लिहिलेला भाग काढून टाकायचा आणि तेवढा नव्याने लिहायचा. नक्कल केली असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिणारा माणूस जुना कोड न पाहिलेला हवा. ते काम कंपनीच्या नव्या इंजिनिअरला दिलं. काढून टाकायचं काम मला, कारण कुठली ओळ त्यांची आहे हे मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

एका शनिवारी सकाळी बसून मी ते केलं. वाटलं होतं त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. ओळींच्या मध्ये त्यांनी टिपा लिहिल्या होत्या. 'ताईचं म्हणणं: साडेतीन बरोबर, तीन तीस चूक.' 'ताई' हा शब्द मी याआधी कितीदा वाचला असेल. ही ताई कोण, असं कधी विचारलं नव्हतं. ती ओळही गेली. बदलाच्या नोंदीत काय केलं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'लायसन्सच्या कारणास्तव काढले.' मग कपडे वाळत घातले.

नवीन भाग आला. दीड, अडीच, सव्वा, साडे यांची यादी मी इंजिनिअरला पाठवली होती. त्याला मराठी येत नव्हती. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं की हे अपवाद पुढच्या आवृत्तीत बघू. पुढच्या आवृत्तीत ते नव्हते. त्याच्या पुढच्याही नाही. कंपनीच्या उत्पादनात इंग्रजी आणि हिंदीच होतं. दोघांपैकी एका इंजिनिअरला सहा महिन्यांनी दुसऱ्या कामावर घेतलं. हे सगळं लायसन्सच्या नियमांत बसत होतं. मी नंतरच्या निवडणुकीला उभी राहिले नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही.

मग एक दिवस मावशींचा फोन आला. "मशीन बिघडलं, मा. 'दोन वाजून तीस मिनिटं' म्हणतंय. पेपरात लिहितात तसं."

लॅपटॉपने आपोआप नवी आवृत्ती घेतली होती. फोनवर सांगून जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गेले. नवी काढली, जुनी शोधून बसवली, पुढे आपोआप काही येऊ नये अशी सोय केली.

"हे चालतं ना? कुणी येऊन काढणार नाही?"

"नाही. जी आवृत्ती जुन्या लायसन्सवर एकदा दिली, ती तशीच राहते. कुणाला परत घेता येत नाही."

"हे त्यानं लिहून ठेवलं होतं?"

"नाही मावशी, ते लायसन्सच तसं आहे. सगळीकडे."

"बेस," त्या म्हणाल्या. बरं, या अर्थानं.

तोवर जेवणाची वेळ झाली होती. स्वयंपाकाच्या बाई सकाळी करून गेल्या होत्या. मावशींनी स्वतः ताट वाढलं, भिंतीला हात लावत, एकही भांडं न धडकवता. आंबट वरण, भात आणि केळ्याच्या फुलाची भाजी. मी सगळं खाल्लं.

"बाई नवी आहे. मीठ बरोबर पडलंय का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या आणि उठून मिठाचं भांडं घेऊन आल्या. आधी माझ्या ताटात थोडं घातलं, मग स्वतःच्या. मी भात कालवून पुन्हा जेवायला लागले.