पुलावरून चालत

श्यामला ओव्हाळ यांनी स्वारगेटच्या एस.टी. स्थानकात चौकशीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं काढली. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर चारही मुलींना शाळेत घातलं. त्यातली ही तिसरी. बेळगाव, हैदराबाद, इंदूर अशा गाड्या त्यांनी माइकवरून हजारो वेळा पुकारल्या, पण स्वतः देशाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. मुलगा अनिरुद्ध कॉम्प्युटर शिकला आणि नव्याण्णव साली सिंगापूरच्या एका बँकेत लागला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, साठाव्या वर्षी, हडपसरहून श्यामलाबाई त्याच्याकडे महिनाभर राहायला गेल्या.

पंधरा दिवसांत बागा, मॉल, मत्स्यालय सगळं बघून झालं. मग त्या म्हणाल्या, "इथून मलेशिया बसने जाता येतं ना? मला जायचंय."

"तिथे बघण्यासारखं काही नाही, आई."

"सीमा बघायचीय. विमानातून आले, त्यात कळलीच नाही."

अनिरुद्धने त्यांचा व्हिसा काढून आणला. त्याच्या स्वतःच्या पासपोर्टवर कंपनीच्या कामासाठी काढलेला वर्षभराचा व्हिसा होताच. शनिवारी सकाळी दोघं निघाले. सिंगापूरच्या नाक्यावर बसमधून उतरून शिक्का मारून घ्यायचा, पुन्हा बसमध्ये बसायचं, समुद्रावरचा किलोमीटरभराचा पूल ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा उतरायचं. श्यामलाबाईंना ही पद्धत लगेच समजली. तिकीट त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

मलेशियाच्या नाक्यावर दोघं शेजारशेजारच्या रांगांत उभे राहिले. श्यामलाबाईंच्या पासपोर्टवर शिक्का बसला आणि त्या पुढे गेल्या. मागे वळून बघतात तर अनिरुद्ध खिडकीपाशी अडकलेला.

"आई, मला सोडत नाहीत," तो तिथूनच म्हणाला. "पासपोर्टला पाचच महिने राहिलेत. सहा लागतात."

"नियम आधीचा आहे की आजच काढलाय?"

"आधीचा आहे."

"मग वाचायचा होतास."

खिडकीतला अधिकारी शांतपणे बघत होता. अनिरुद्धने आवाज खाली आणला. "तू परत फिर. आपण पुढच्या वर्षी येऊ."

"तुझा पासपोर्ट संपत आलाय. माझा नाही."

"तुला भाषा येत नाही, आई. एकटी काय करशील?"

"स्वारगेटला कानडी, तेलुगू, मारवाडी रोज यायचे. मला कुठे येत होत्या त्यांच्या भाषा? जा तू. संध्याकाळी सहाला सिंगापूरच्या नाक्याबाहेरच्या बसथांब्यावर उभा राहा."

त्या चालू लागल्या. पहिली पन्नास पावलं छातीत धडधडत होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मग समोर त्यांचीच बस दिसली आणि धडधड थांबली.

बस जोहोर बारूच्या स्थानकात शिरली. पलीकडच्या शहरात पंधरा दिवस कुणी मोठ्याने बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. इथे तिकीटवाले गावांची नावं घेऊन ओरडत होते, मोटारसायकली माणसांमधून वाट काढत होत्या, आणि कढईत काहीतरी चरचरत होतं. श्यामलाबाई एका बाकावर बसल्या आणि तासभर नुसत्या गाड्या सुटताना बघत राहिल्या. कुठली गाडी उशिरा सुटते आणि का, हे त्यांना न सांगता कळत होतं. एका तमिळ बाईच्या हातगाडीवर त्यांनी खुणा करून इडली मागितली. चटणी दुसऱ्यांदा मागायला खुणाही लागल्या नाहीत.

चार वाजता त्या परतीच्या बसमध्ये बसल्या. मलेशियाच्या नाक्यावर शिक्का झाला, बस पुलावर चढली आणि थांबली. अर्धा तास जागची हलली नाही. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढचे लोक चालकाला सांगून खाली उतरू लागले, तेव्हा श्यामलाबाईंनी शेजारच्या मुलीला विचारलं, "वॉक?" मुलगी कारखान्यात कामाला जाणारी होती. ती हसली आणि म्हणाली, "वॉक, आंटी. कम."

श्यामलाबाईंनी पदर खोचला. दोन्ही बाजूंना पाणी, मागे एक देश, पुढे दुसरा, आणि मधून चालणारी शेकडो माणसं. पुलाच्या कडेने माणसाच्या उंचीचे नळ गेले होते. त्यांनी बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, "वॉटर. फॉर सिंगापूर."

वाऱ्याने साडी फडफडत होती. अर्ध्या वाटेत त्या एकदाच थांबल्या, दोन्हीकडे बघितलं आणि पुन्हा निघाल्या. असं मोकळं आपल्याला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, असं त्या सांगतात.

पावणेसहाला त्या नाक्याबाहेर आल्या. अनिरुद्ध चार वाजल्यापासून तिथे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "बस कुठाय तुझी?"

"अडकलीय मागे. मी चालत आले." मग पाणी पीत त्या म्हणाल्या, "एवढ्या श्रीमंत देशाचा नळ शेजाऱ्याच्या दारात आहे, हे तू सहा वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

तो हसला. परतताना त्याने त्यांचा हात धरला नाही. त्या पुढे होत्या, तो मागे.

तीन वर्षांनी हडपसरच्या विहारातल्या बावीस बायकांना घेऊन श्यामलाबाई लुंबिनीला निघाल्या. नेपाळात बसने शिरायचं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सीमेवर सोनौलीला बसमधून उतरल्यावर कमानीपाशी गर्दी बघून बायका घाबरल्या. शकू नावाची एक जण म्हणाली, "ताई, इथे हरवलो तर?"

"हरवायचं नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "दोन-दोनच्या जोड्या करा. ओळखपत्र हातात. हेमा सगळ्यात मागे राहील, मी पुढे."

माइक नव्हता, तरी तो आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोचला, आणि रांग चालू लागली.