ढाळावर ढाळ

माझ्या धाकट्या दिरांचा हात मूळचा गवंड्याचा. फरशी कुठलीही असो, त्यांनी घातली की पाणी मोरीकडे धावणारच. म्हणून धंद्यातले लोक त्यांना ‘ढाळमास्तर’ म्हणतात. पुढे ते नळकामात शिरले, लेकीलाही शिकवलं, आणि आता धंद्याची तीच मालकीण. मागच्या महिन्यात त्यांनी एक सांधा न तपासताच झाकला आणि खालच्या घराचं छत भिजलं. लेक म्हणाली, “काकूच्या बाथरूममध्ये शॉवर ट्रे बसवून दाखवा. पाणी साचलं तर हत्यारांची पिशवी माळ्यावर, काम बंद.”

बाप-लेकीच्या भांडणात माझी बाथरूम! पण शॉवरखाली बसवायचा तो उथळ, तयार ट्रे मला हवा होता, म्हणून हो म्हटलं.

बाथरूम वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी. भावजींनी कुजकी फळी काढली, वाशांना जोड दिले, वर जाड प्लायवूड स्क्रूंनी आवळलं. पाय आपटून म्हणाले, “नाचा वहिनी!”

“आधी माझे गुडघे बघा.”

मग सिमेंटचा माल पसरला. ट्रे ठेवण्याआधी त्यांची थापी हळूच एका बाजूने फिरली. मी पाणसळ पाहिली. बुडबुडा मध्यावर नव्हता.

“भावजी, तिरकं दिसतंय.”

“तिरकं नाही, ढाळ! पाण्याला वाट नको? तुम्ही तुमची पुस्तकं वाचा.”

ट्रे दाबला, नळी जोडली, तांब्याभर पाणी ओतलं. जाळी मधोमध, पलीकडच्या कोपऱ्यात पाणी थबकलं ते हलेचना. भावजींचा चेहरा उतरला. ट्रेला ढाळ कारखान्यातच दिलेला असतो, तो सपाटच बसवायचा. त्यांच्या हाताने सवयीने ढाळावर ढाळ दिला होता.

खाली लेकीची गाडी थांबली.

मी टॉवेल ओढला. “पुसून टाकते. तुम्ही तोंड उघडू नका.”

माल घट्ट होत चालला होता. आता उचलला तर ट्रे तडकायची भीती, नाही उचलला तर पाणी जन्मभर साचणार. जिन्यावर पावलं वाजली. भावजींनी माझा टॉवेल बाजूला सारला, जाळी काढून खालचा सांधा सोडला आणि कडेखाली बोटं घातली.

लेक दारात. “काय चाललंय?”

“चुकलं माझं. ती बाजू धर. बोलू नकोस.”

ट्रे हटेना. दोघांनी ओढला. कडकन आवाज झाला. पण तडा गेला नव्हता, माल सुटला होता. त्यांनी नवा माल घातला, पाणसळ तिने धरली.

“डावीकडे. अजून. बास. बाबा, बास म्हटलं ना!”

पुन्हा सांधा जोडला, पाणी ओतलं. जाळीने सगळं गटागटा पिऊन टाकलं.

भावजी थापी धूत राहिले, धुतलेलीच पुन्हा.

“पिशवीचं काय ते बोल गं,” मी म्हटलं.

“राहू दे त्यांच्याकडे. पण झाकण्याआधी मला दाखवायचं. दर वेळी.”

“म्हणजे मी तुझ्या हाताखाली?”

“हो.”

“आणि गाडी कोण चालवणार?”

“मी.”

“मग माळाच बरा, वहिनी,” म्हणत त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि लेकीच्या आधी जिना उतरले.