पोटानं श्वास घे

मी आर्मी मेडिकल कोअरमधून मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग एका ट्रेनिंग सेंटरच्या हॉस्पिटलात होतं. सकाळी सहाला सिक रिपोर्ट. पायाला फोड, ताप, जुलाब, आणि परेड चुकवायला आलेले दोन-चार खोटारडे.

दत्ताला त्याच्या उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या हवालदारांनी, खोटारडा म्हणूनच आणलं. इस्लापूरजवळच्या खेड्यातला रिक्रूट, एकोणीस वर्षांचा. रनिंगमध्ये मागे पडायचा, मधूनच थंडी वाजून ताप यायचा.

"बहाने की फैक्टरी है, मैडम. मोटा वाला इंजेक्शन लगाइए."

मी त्याला आडवं केलं. डाव्या बरगडीखाली लहानपणी बिब्ब्यानं डागल्याच्या खुणा होत्या. आपल्याकडे पाणथरी वाढली की पोराला तिथं डागतात. पाणथरी, म्हणजे प्लीहा, थोडीच वाढलेली असेल तर बरगडीआड राहते. लांब श्वास घेतला की खाली सरकते आणि बोटांना लागते.

"श्वास घे."

छाती फुगली. पोट हललंच नाही.

"पोटानं."

"घेतलाच की, मॅडम."

"मी लातूरची आहे. मला बनवू नकोस."

पुन्हा तेच. मी त्याला उजव्या कुशीवर वळवलं आणि बोलतं केलं. घरी कोण, भाऊ किती. बोलता बोलता तो विसरला, आणि पाणथरी माझ्या बोटांवर आली.

"हे कुणी शिकवलं?"

"लातूरच्या भरती अकॅडमीत. डॉक्टरचा हात लागला की पोट आवळायचं, श्वास वर घ्यायचा. रोज करून घेतात." मग हळूच, "आमच्या गावात लई जणांला हाय, मॅडम. मला अनफिट करता का?"

"कारण सापडल्यावर ठरेल."

मलेरिया, काळा आजार, यकृत, रक्ताचे रोग. पाणथरी कशानंही वाढते. मी रक्त तपासायला पाठवलं, त्याला वॉर्डात दाखल केलं आणि बजावलं, "इथं गुद्दा बसला तर ती फुटेल. मरशील."

"हाव, मॅडम."

त्या आठवड्यात सेंटरच्या कंपन्यांमधली बॉक्सिंगची स्पर्धा होती. दत्ताच्या वजनगटात त्याच्या कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. उस्ताद वॉर्डाच्या दारात येऊन म्हणाले, "सोता रह. घर भी ऐसे ही लेटे-लेटे जाएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता पीटी ड्रेस घालून वॉर्डातून निघून गेला.

रिंगजवळच्या ॲम्ब्युलन्समधून वायरलेस सेटवर निरोप आला.

"कैजुअल्टी वन. रिक्रूट, बॉक्सिंग. ओवर."

"होश में है? ओवर."

"है. कंधा दुखता बोल रहा है. ओवर."

"कौन सा? ओवर."

"बायाँ. ओवर."

खांद्याला कुणी मारलं नव्हतं. पोटात रक्त साचून वर श्वासाच्या पडद्याला लागलं की डावा खांदा दुखतो. मी ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं.

स्ट्रेचरवर तो पांढराफटक पडला होता. "जिंकलो, मॅडम," म्हणाला. टेबलावरच गेला.

त्याच्याशी हरलेला पोरगा बाहेर ग्लोव्ह्ज न काढता बसला होता. "हल्का मारा था, मैडम." खरं होतं ते.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. लहानपणापासून पुन्हा पुन्हा झालेला मलेरिया. गोळ्यांनी पाणथरी उतरली असती. फार तर त्याला मागच्या बॅचला टाकलं असतं. घरी पाठवलं नसतं.

निवृत्त झाल्यावर मी त्याच्या गावी गेले. गावात आणखी कुणाकुणाच्या पाणथऱ्या वाढल्यात, ते पाहायचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली, पोरांची रांग लावली. दत्ताची आई आली.

"तुमच्याच हातात गेला ना वो तो?"

"हो."

"मंग त्याच हातानं ह्याला बघा." तिनं धाकट्याला पुढं ढकललं. लातूरला अकॅडमीत नाव घातलं होतं त्याचं.

मी त्याच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला.

"श्वास घे."

छाती फुगली. पोट हललं नाही.

"अकॅडमीत शिकवलं?"

"न्हाई. तिथं आता जायचंय. दादा सुट्टीला आला तवा शिकवलं. समद्या पोरांला."

मी मान वर केली. रांगेतली पोरं शर्ट वर करून, पोट आवळून उभीच होती.